दुधाखालचा चट्टा

अण्णांनी मला फसवलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. तरी पहिलं वाक्य हेच येतं.

पोटात आग होते म्हणून अण्णांना, माझ्या वडिलांना, पालमहून परभणीला एंडोस्कोपीला नेलं होतं. रात्रीपासून काही खायचं नाही, अशी सक्त सूचना.

"सकाळी काही खाल्लं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई," अण्णा म्हणाले.

तपासणी झाली. मी खाली मेडिकलवर जाऊन आलो, तोवर अण्णा रिपोर्ट पिशवीत घालून उभे.

"काय म्हणले डॉक्टर?"

"काई न्हाई रे. ॲसिडिटी हाय. चल, एसटी चुकंल."

जन्मभर खरं बोललेला माणूस. मी पिशवी उघडून बघितली नाही.

दहा महिन्यांनी जेवण तुटलं, अंग वाळलं. पुन्हा तेच डॉक्टर, तीच नळी.

त्यांनी स्क्रीनवर दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवले.

नव्यात पोटाचं अस्तर जाड, ताठर. हवा भरली तरी फुगत नव्हतं. कॅन्सर पसरला होता.

जुन्यात सगळीकडे दुधाचा पांढरा थर. कडेला एक फिकट चट्टा, जेमतेम दिसणारा.

"म्हणून तर लिहून दिलं होतं, रिकाम्या पोटी परत या. तेव्हाच तुकडा काढून तपासला असता."

मी अण्णांकडे बघितलं. ते फरशीकडे बघत होते.

बाहेर आल्यावर विचारलं, "त्या दिवशी दूध घेतलं व्हतं का तुमी?"

"शिकरणाचा प्रसाद व्हता. प्रसाद काय खाणं असतंय का?"

"आन परत बोलावलं, ते का लपवलं?"

"प्रसादाबिगर लिंगपूजा पुरी व्हत न्हाई. रझाकाराच्या टायमाला तुझ्या आज्यानं ज्वारीत लपून पूजा केली, पन चुकू दिली न्हाई. म्या एका नळीपायी चुकवू?"



अण्णा वारल्यावर तो पहिला रिपोर्ट सापडला. पूजेच्या वस्त्रात, नीट घडी घालून ठेवलेला.

देवाला दाखवला होता. मला नाही.

अण्णा, तेव्हा सुचलं नाही ते आज सांगतो. आजोबा लपले होते. आधी जीव वाचवला, मग पूजा केली.

डॉक्टर म्हणाले, मुलानंही तपासून घ्यावं. उद्या सकाळी माझी एंडोस्कोपी आहे.

पूजा घरी आल्यावर करीन. महादेव तेवढा थांबेल.

राग गेलेला नाही. शिकरणाचा पहिला घास मात्र तुमच्या नावानं ठेवीन.

आपला लिंगायतांचा नमस्कार घ्या. शरणार्थ, अण्णा.