मंजुळेच्या पिंजऱ्यापुढची पाटी

मधुकर परब म्हणजे वर्गणीतला पट्टीचा माणूस. वडील गिरणीत, गाव सावंतवाडीकडचं, स्वतःची छत्तीस वर्षं एका औषध कंपनीच्या गोदामात गेलेली. पण मुलुंडच्या सोसायटीत त्यांची ओळख एकच, गणपतीचं पावतीपुस्तक. बेल कितव्यांदा वाजवल्यावर दार उघडतंय, यावरून आतला माणूस किती देणार हे ते सांगत.

निवृत्तीनंतर ते टेकडीच्या पायथ्याच्या ‘रानवारा’ या लहानशा वन्यप्राणी उद्यानात दर रविवारी सेवेला जाऊ लागले. सेवा म्हणजे लोकांनी टाकलेली वेफर्सची पाकिटं उचलायची आणि “काका, हा उठणार कधी?” याला उत्तर द्यायचं. तिथं मंजुळा होती, बिबट्याची म्हातारी मादी, एका डोळ्यात फूल पडलेली. दुपार कलली की पश्चिमेचं ऊन थेट तिच्या पिंजऱ्यात घुसे आणि ती मागच्या भिंतीला चिकटून धापा टाकत बसे.

“ट्रस्टकडं छपराला पैसे नाहीत,” रखवालदार अंबादास म्हणाला. “हा उन्हाळा काढंल असं वाटत नाही.”

मार्चअखेर छप्पर घालतो, असा शब्द मधुकरराव देऊन बसले.

पावतीपुस्तक घेऊन ते दारोदार फिरले, पण बिबट्या म्हणजे काही गणपती नव्हे. “इथे आमची लिफ्ट बंद, आणि तुम्ही बिबट्याला छप्पर घालताय,” चेअरमन राजेश सामंत म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं पुढे म्हणाले, “पाटी लागणार ना पण, नावांची?”

मधुकरराव हो म्हणाले आणि तिथंच माशी शिंकली. पाटीचं कळताच पैसा वाहू लागला. त्यानंतर तीन सभा झाल्या, तिन्ही पाटीवर. नावं रकमेप्रमाणे लावायची, मजल्याप्रमाणे की वयाप्रमाणे? चौथ्या मजल्यावरच्या दीप्ती वैद्यांना कै. सासूबाईंचं नाव सगळ्यांत वर आणि ठळक हवं होतं. कुमुदिनीबाई हयातीत मांजर दिसलं तरी पलंगावर चढत, पण त्याचा विषय कुणी काढला नाही. सामंतांना स्वतःचा हात जोडलेला फोटो हवा होता. शेवटी नावं डावीकडे, त्यात कुमुदिनीबाईंचं सगळ्यांत वर, फोटो उजवीकडे, आणि पाटी बारा फूट रुंद, नऊ फूट उंच. लोखंडी चौकट, खाली काँक्रीट. छपराचे पैसे त्यातच गेले. उरले ते नारळ आणि हारापुरते.

गर्दी जिथे थांबते तिथेच पाटी हवी, म्हणून ती मंजुळेच्या पिंजऱ्यासमोरच उभी राहिली. उद्घाटनाला सगळी सोसायटी आली. “आणि छप्पर, काका?” अंबादासने हळूच विचारलं. मधुकररावांना मान वर करवेना. शरमेनं मेल्यासारखं झालं होतं.

त्यांच्या पत्नीनं, वसुधाताईंनी, पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. “सगळ्यांची नावां आसत. तुमचा खंय आसा?”

“माका जागा उराक नाय,” ते म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांचे पाय उद्यानाकडे वळेनात. तरी चारच्या सुमाराला गेले. पाहतात तर पाटीची सावली थेट पिंजऱ्यात पडलेली आणि मंजुळा मधोमध पोट सैल सोडून, पाय पसरून झोपलेली. अंबादास स्टुलावर बसून हसत होता.

पण महिनाभरात तक्रार आली. पाटीमुळे बिबट्या दिसत नाही, बिबट्या दिसत नाही म्हणून तिथे कुणी थांबत नाही, मग नावं वाचणार कोण? चौथी सभा भरली.

“काका, गेटवर हलवून टाका ना ती,” दीप्ती म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण मधुकरराव तीस वर्षं वर्गणी गोळा करत आले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि खिशातून कोरा कागद काढला.

“हलवू की. फक्त गेटवर जागा अरुंद आहे. पाटी लहान करावी लागेल आणि क्रम नव्यानं लावावा लागेल. बोला, पहिलं नाव कुणाचं लिहू?”

सामंतांनी दीप्तींकडे पाहिलं, दीप्तींनी सामंतांकडे.

“राहू दे,” सामंत म्हणाले. “आहे तिथंच बरी आहे.”

सोसायटीच्या इतिहासात एकमतानं झालेला हा पहिलाच ठराव. आता रोज दुपारी चारच्या सुमाराला मंजुळा उठते, दोन पावलं सरकते आणि कै. कुमुदिनीबाईंच्या सावलीत जाऊन झोपते.