ऑर्लो ग्रिंडेचा हॉर्न

लिंडाल कॉलेजची फुटबॉल टीम त्या वर्षी इतकी हरली, की पाद्रीबाबांनी तिच्यासाठी प्रार्थना करणंच सोडून दिलं. देवालाही तेच तेच किती वेळा सांगायचं? मिनेसोटाच्या आमच्या कोपऱ्यात बीट पिकतं, टर्की पोसतात, आणि शनिवारी दुपारी अख्खं गाव मैदानावर जाऊन आपलं नाक कापलं जाताना बघतं. बरं, बघायला जातं तेही वेळेवर!

या सगळ्या आनंदीआनंदात एकाच गड्याला भरपूर काम होतं. लाइल ग्रिंडे. आमचा फुटबॉल लंबगोल, हातात धरून पळायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकता आलं नाही, तर बॉल समोरच्यांना जातोच. म्हणून चौथ्या वेळी सरळ लाथ मारून तो होईल तितका लांब, त्यांच्या अंगणात धाडायचा. ती लाथ लाइलची. बाकीची पोरं चिखलानं माखून लंगडत बाहेर यायची, आणि हा पांढऱ्याशुभ्र पँटीत आत जायचा, एक लाथ हाणायचा की परत. आमच्या पोरांना दहा यार्ड काही जमत नसत, त्यामुळे लाइलची लाथ मात्र अशी तयार झाली, की काही विचारू नका.

"आपली टीम चांगली असती ना, तर तू बाकावर बसून सडला असतास," डुआन त्याला म्हणायचा. डुआन म्हणजे लाइलच्या हातात बॉल फेकणारा त्याचा आडदांड दोस्त. "आमच्या जिवावर नाव कमावलंस. पार्टी दे."

नाव झालं होतं हे खरं. पण लाइलला ज्या एका माणसाकडून शाबासकी हवी होती, त्यानं मिठाची गुळणी धरली होती. तो माणूस म्हणजे त्याचा बाप, ऑर्लो.

ऑर्लोचा टर्कीचा धंदा. घरोघरी टर्की शिजते तो थँक्सगिव्हिंगचा सण तोंडावर आला की त्याला जेवायलाही फुरसत नसते. तरी दर शनिवारी तो आपला खटारा ट्रक मैदानाच्या पार टोकाला कुंपणाशी लावायचा, शेजारी बायको मार्लिस आणि कॉफीचा थर्मास. आमच्याकडे त्या थंडीत हातमोजे काढून टाळ्या कोण वाजवणार? लोक ट्रकात बसल्या बसल्या हॉर्न वाजवतात. लाइलच्या लाथेला सगळे ट्रक बोंबलायचे. एक ऑर्लोचा सोडून.

"दाब की एकदा," मार्लिस म्हणायची. "शॉक नाही लागत."

"हॉर्न पॉइंटला असतो."

"सगळे वाजवतायत, ऑर्लो!"

"पोरगा बॉल समोरच्याला देऊन टाकतो. त्यात वाजवायचं काय?"

मार्लिसच्या पोटात काही राहत नाही. तिनं हे जेवणाच्या टेबलावर जसंच्या तसं सांगितलं. लाइल हसला, पण ताट तसंच टाकून उठला. त्याचं हे शेवटचं वर्ष होतं. जिंकणं-हरणं गेलं खड्ड्यात, तो हॉर्न एकदा ऐकायचा, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

शेवटची मॅच आली ब्रॅनम कॉलेजशी. ते आमच्याहूनही कच्चे. त्या दिवशी काय चमत्कार झाला कोण जाणे, अर्धं मिनिट राहिलं तेव्हा आम्ही चक्क तीन पॉइंटांनी पुढे! लोकांना जिंकत असताना तोंड कसं करायचं तेच आठवेना. मात्र बॉल आमच्याच टोकाला अडकला होता, आणि चौथी वेळ.

कोच ब्रुगमननं लाइलची गचांडी धरली. "ऐक. लांब मारायची नाही. बाजूच्या रेषेबाहेर घाल. छोटी लाथ, बॉल बाहेर, म्हणजे कुणाला झेलून पळता येणार नाही, विषय संपला. कळलं?"

"हो, कोच."

आणि तो ते मनापासूनच म्हणाला, बरं का. पण आत जाऊन उभा राहिला आणि समोर पार टोकाला त्याला तो खटारा ट्रक दिसला. डुआननं बॉल फेकला. लाइलनं जीव खाऊन लाथ मारली, सरळ बापाच्या दिशेनं.

काय ती लाथ! बॉल वर गेला तो खाली यायचं नावच घेईना. कुंपणावरचे सगळे हॉर्न एकदम सुरू झाले, आणि त्यांत एक घोगरा, बसलेल्या घशाचा. शेतातून जेवायला हाक मारायला बाप तोच वाजवायचा. लाइलनं तो ओळखला.

पण एवढ्या लांब गेलेल्या बॉलमागे आमचे गडी कुठे पोचणार? ब्रॅनमच्या पोरानं तो आरामात झेलला आणि मोकळ्या रानातून पळत सुटला. हॉर्न एकेक करून बंद पडले. शेवटी आडवा यायला एकटा लाइल उरला, ज्यानं जन्मात कुणाला पाडलं नव्हतं. त्यानं कव घातली. कवेत हवा आली, आणि ते पोरगं आमच्या टोकाची रेष ओलांडून सहा पॉइंट घेऊन गेलं.

हरलो.

कोचनं टोपी आपटली, उचलली, पुन्हा आपटली. डुआन नेहमी काहीतरी टोमणा मारायचा. आज त्यानं लाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. "एकच जिंकायची होती रे," एवढंच म्हणाला.

लाइलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे आतून कुठेतरी तो खूश होता, आणि त्या खुशीचीच त्याला शिसारी आली. तो ट्रकाशी गेला. ऑर्लोनं काच खाली केली.

"कोचनं काय सांगितलं होतं?"

"छोटी मार. बाहेर."

"मग?"

"तुम्ही इकडे होतात, डॅड."

ऑर्लोनं स्टिअरिंगवरच्या हॉर्नकडे पाहिलं. मग त्यानं दार उघडलं.

"चल. माफी मागून येऊ."

"मी जातो ना. चूक माझी आहे."

"हॉर्न कुणी वाजवला?"

दोघं सगळं मैदान तुडवत आमच्या पोरांपर्यंत गेले. ऑर्लोनं टोपी काढली.

"पोरानं तुमचं ऐकलं नाही, कोच," तो म्हणाला. "माझ्यापायी नाही ऐकलं. मी वर्षभर तो हॉर्न कंजुषासारखा धरून बसलो नसतो, तर आज यानं गुमान बॉल बाहेर घातला असता. तुमची मॅच मी घालवली, पोरांनो."

डुआन बुटाच्या टोकानं चिखल उकरत होता. कोचनं शेवटी घसा खाकरला.

"लाथ मात्र..." तो म्हणाला.

"लई लांब गेली," ऑर्लो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.