हत्याराचा वाटा

काही प्रकरणं आठवली की आजही जेवण गोड लागत नाही. हे त्यातलं नाही. हे आठवलं की मी एकटाच हसत बसतो आणि घरचे विचारतात, काय झालं म्हणून. खून, दरोडे, मारामाऱ्या नोकरीत पुष्कळ पाहिल्या. त्यांच्या तारखासुद्धा आता विसरलो. सुभेदारांच्या रिवॉल्वरचं प्रकरण मात्र कालच घडल्यासारखं वाटतं. नावं कुणाचीच सांगणार नाही, कारण त्या घरची माणसं अजून त्याच भागात नांदताहेत.

पन्नास सालानंतरची गोष्ट. इंदापूरहून बदली होऊन मी बारामतीला फौजदार म्हणून नुकताच आलो होतो. दिवाळी संपून थोडेच दिवस झाले होते. सकाळची हजेरी आटोपून मी डायरी बघत होतो, तेवढ्यात कऱ्हाटीचे एक निवृत्त सुभेदार ठाण्यात आले. टाचा जुळवून माझ्या टेबलासमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"साहेब, माझं हत्यार गेलं. मला आत टाका."

"आत चोराला टाकतात, सुभेदार. तुम्हाला कशाला?"

"हत्यार संभाळाय येत न्हाय, त्यो शिपाई कसला?"

त्यांच्याकडे .४५५ बोअरचं, थोराड नळीचं डबल ॲक्शन, म्हणजे घोडा न ओढता नुसत्या चापावरही चालणारं रिवॉल्वर होतं. शिकार आणि पिकाचं रक्षण यासाठी रीतसर लायसन्स होतं. शिकारीला रिवॉल्वर कशाला, असं मीही विचारलं. ते म्हणाले, उसात रानडुक्कर हातभर अंतरावरून अंगावर येतं. लांब नळीची बंदूक तिथं पाचटात अडकते, वळवता येत नाही. तिथं हेच कामाचं. कालव्याकाठच्या गावांत डुकरांनी ऊस लोळवला की सुभेदारांना बोलावणं यायचं. इंदापूरला पलटणीतल्या एका दोस्ताकडे ते गेले होते. ठरल्यापेक्षा लवकर परतले, दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, तर आत नुसतं फडकं.

असं हत्यार दरोडेखोराच्या हाती पडलं तर काय होतं, हे मला सांगायला नको होतं. मी फिर्याद लिहून घेतली आणि जमादारांना घेऊन कऱ्हाटीला पंचनाम्याला गेलो.

पेटीचं कुलूप शाबूत होतं. कडी, बिजागरी, खिडकी, कौलं, सगळं जागच्या जागी. किल्ली सुभेदारांच्या घरधनिणीच्या कमरेला. बाई साठीच्या आत-बाहेरच्या, चेहऱ्याने मायाळू. लेक-जावई दिवाळसणाला येऊन गेल्याचं बोलत पंचांना चहा दिला, आम्हाला चहा दिला, आणि दाराआड उभ्या राहिल्या. सुभेदार मात्र अंगणात गरजत होते, "घावला तर हात कलम करीन त्याचं!"

परतताना जमादारांनी संशयितांची नावं घ्यायला सुरुवात केली. घरचा गडी, शेजारचा भाऊबंद, पलीकडच्या वस्तीवरचा एक जुना गुन्हेगार. सगळ्यांना उचलून आणू म्हणाले. मी म्हटलं, थांबा. माझ्या मनात दुसरंच काही घोळत होतं. चोरी झालेल्या घरची बाई चोराचा उद्धार केल्याशिवाय राहत नाही. पितळी तांब्या गेला तरी त्याच्या सात पिढ्या बाहेर निघतात. या बाई चोराला एक शब्दही वाईट बोलल्या नव्हत्या.

बाजारच्या दिवशी कालव्याकडचा एक हॉटेलवाला ठाण्यात आला. तो आमचा खबऱ्या. बातमी देताना तो नेहमी खालच्या आवाजात बोले, पण त्या दिवशी भलताच तापलेला होता.

"साहेब, चार दिसांमागं पिंपळीत रानडुक्कर पडलं. हिरीत पडलं."

"मग दोर सोडून काढा. मला काय सांगतोस?"

"काढलं. वाटं घालताना भांडान झालं. हत्याराचा वाटा घालायचा का न्हाय, ह्याच्यावरनं."

त्या भागात शिकारीच्या वाट्यांची जुनी रीत होती. रान उठवणाऱ्या प्रत्येक माणसाला वाटा, कुत्र्यालाही वाटा, आणि बंदूक चालली असेल तर बंदुकीच्या मालकाला वेगळा वाटा, मग तो हजर असो वा नसो. भाल्या-कुऱ्हाडींना वाटा नसतो. हॉटेलवाल्याचं म्हणणं असं, की गोळी डुकराला लागलीच नाही; ते आवाजाने बिथरून धावलं आणि विहिरीत पडलं. मग हत्याराला वाटा कशाचा? पण गावानं ठरवलं की आवाज हत्याराचाच होता. त्यापायी याचा वाटा लहान झाला. एवढ्यासाठी तो तीन कोस चालत आला होता.

"पिंपळीत बंदूक आहे कुणाकडं?"

"कुनाकडंच न्हाय," तो म्हणाला, आणि मग त्याच्याच लक्षात आलं.

"मग तो वाटा गेला कुठं?"

"मी पल्याडच्या कडंला रान उठवत हुतो, गोळी कुनी झाडली दिसलं न्हाय. वाटा पळसाच्या पानात बांधून कऱ्हाटीला धाडला म्हनं."

मी जमादारांना घेऊन त्याच पावली जीप काढली. सुभेदार ओसरीवर बसले होते, दाढी वाढलेली. मी विचारलं, "इंदापूरहून आलात त्या दिवशी घरी काय जेवलात?"

ते चक्रावले. "डुकराचं मटान. हिनं सांगितलं, कुणीतरी दिलं. साहेब, त्ये खाल्लं म्हनून तर हात शिवशिवलं. शिकारीला जावं वाटलं, आन सकाळी पेटी उघडली."

म्हणजे गृहस्थ आपल्याच चोरीला गेलेल्या हत्याराचा वाटा खाऊन, बोटं चाटून, मग फिर्याद द्यायला आले होते. जमादार तोंडावर रुमाल धरून गोठ्याकडे निघून गेले.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो. "मावशी, जावई पिंपळीचे ना?"

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि सगळं सांगून टाकलं. मुलीची लग्नानंतरची पहिली दिवाळी. पहिल्या दिवाळसणाला जावयाने रुसायचं आणि सासूने मागेल ते देऊन समजूत काढायची, ही घरोघरची रीत. पण सुभेदारांसमोर रुसायची छाती कुणाची? पाडव्याच्या ताटावर जावई मुकाट्याने जेवले. सुभेदार इंदापूरला गेल्यावर मात्र निघायच्या वेळी म्हणाले, मामी, माझं रुसायचं राहिलंच की. बाईंना कोण आनंद झाला. मागाल ते देते, असा शब्द देऊन बसल्या. त्यांना वाटलं, अंगठी मागतील. जावयाने रिवॉल्वर मागितलं. डुकरं त्याचा ऊस लोळवत होती आणि त्याने गावात फुशारकी मारून ठेवली होती.

"शबूद दिला हुता, साहेब. पयल्या दिवाळीला जावाई रुसून माघारी गेला तर पोरीला काय सुक लागंल? बाजाराआदी आनून देतो म्हनलं. पर ह्ये आदीच आलं. आता पाव्हण्याला बेडी पडली तर माजी पोर माघारी यील. ह्यास्नी सांगू नका."

"सांगावं तर लागणार, मावशी. पण ठाण्यात सांगू."

जावयाला बोलावणं धाडायची वेळच आली नाही. सासुरवाडीला जीप गेल्याचं ऐकून दुसऱ्या दिवशी तोच ठाण्यात हजर. दिवाळसणाच्या नव्या कोऱ्या फेट्यात गुंडाळलेलं रिवॉल्वर त्याने टेबलावर ठेवलं. मी सिलिंडर उघडून पाहिलं. एकच काडतूस उडालेलं. तोवर बोलावल्याप्रमाणे सुभेदार आणि बाईही आल्या होत्या. मी जबाब घ्यायला बसलो.

जावई म्हणाला, "मामींचा काय बी संबंद न्हाय. किल्ली मी चोरली."

बाई पुढे झाल्या. "खोटं हाय. ह्या हातानं मी काढून दिलं. लिवा माजं नाव."

सुभेदार दोघांकडे पाहत राहिले. त्यांना तिथंच सगळा उलगडा होत होता. चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. त्यांनी टाचा जुळवल्या आणि माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "साहेब, हत्यार मीच जावायाला द्याया सांगून गेल्तो. इसरलो. वय झालं."

एकाच गुन्ह्याला तीन गुन्हेगार, आणि तिघेही हट्टाला पेटलेले. पोलीस ठाण्यात माणूस येतो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत येतो. इथं उलटाच तमाशा. जमादारांनी टाक खाली ठेवला.

"सुभेदार," मी म्हटलं, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. सवय नाही तुम्हाला."

ते जावयाकडे वळले. जावई अर्धा पाऊल मागे सरकला.

"घोडा अंगठ्यानं आदी ओढला हुता का?"

"न्हाय मामा. नुसता चाप दाबला."

"तरीच. तसं चालतंय त्ये, पर चाप जड जातो. हात हालला आसंल."

"लय हालला."

"गोळी कुठं गेली?"

"लिंबात. फांदी पडली."

सुभेदारांच्या मिशा हलल्या. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. मग ठाण्यात कुणालाच जमलं नाही. लॉकअपमधला दारूवाला आरोपीसुद्धा काय झालं ते न कळता हसू लागला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या खाली बघून डोळे पुसत होत्या. सुभेदारांचं हसू विरलं.

"इतकं दिस गप बसलीस? मला भ्यालीस?"

"तुमी घरात आला की समदी सावधान व्हत्यात. गुरंबी वैरन खायाची थांबत्यात."

सुभेदार खुर्चीवर बसले. ठाण्यात ते बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. बाईंकडे वळून म्हणाले, "हत्यार गेलं तवा मला वाटलं, ह्याच्यापरीस वंगाळ काय नसतं. बोल आता. फौजदारांम्होरं बोल. मी ऐकतो."

आणि बाई बोलू लागल्या. पलटणीतून परत आल्यापासूनचं सगळं. जेवताना ताटाकडे न बघता उठणं, लेकीशी कवायतीच्या आवाजात बोलणं, न सांगता दोस्ताकडे निघून जाणं. सुभेदार मान हलवत ऐकत होते आणि मधूनच "व्हय, खरं हाय" म्हणत होते. जमादारांनी हळूच विचारलं, "साहेब, हे सगळं जबाबात घ्यायचं का?"

चोरीच्या गुन्ह्यात मी 'सी' समरी मागितली, म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाली असा अहवाल दिला. लायसन्सची बाब जिल्ह्याला होती तशी कळवली. वरून सक्त ताकीद आली, हत्यार हंगामभर ठाण्यात जमा राहिलं, आणि लायसन्स वाचलं. पुढे सुभेदारांनीच अर्ज करून त्यावर पीकरक्षणासाठी जावयाचं नाव चढवून घेतलं आणि स्वतः त्याला नेम शिकवला.

माणूस पोलिसाला भिऊन गप्प बसतो, हे मला ठाऊक होतं. त्याला बोलतं करायच्या युक्त्याही मला येत होत्या. पण घरच्याच माणसाला भिऊन कुणी गप्प बसत असेल, तर त्याची फिर्याद कुठल्याच ठाण्यात येत नाही. हे या प्रकरणाने मला शिकवलं, आणि खाकी घालून घरी जाणाऱ्याने ते लवकर शिकलेलं बरं. तिघांचे जबाब झाले त्या संध्याकाळी मी जेवायला बसलो आणि बायकोला सहज विचारलं, "तू मला भितेस का गं?"

तिने वाढायचं थांबवलं, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि समोर पाट ओढून घेतला. "बरं झालं विचारलंत," ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही दोघं गारढोण आमटी जेवलो.