सोडून दिलेली बकरी

मी एकदा एका चिंचोक्यावर दया केली आणि त्यापायी अर्ध्या गावाला रडायला बसवलं. एवढा मूर्खपणा करायलाही अंगात काहीतरी लागतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते माझ्या अंगात भरपूर होतं.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. चांदा जिल्ह्यात, गडचिरोलीच्या पुढं, जंगलाला लागून माझं सासर. दुपारी कामं आटोपली की सासूबाई ओसरीवर कोळशानं पट आखायच्या आणि आम्ही वाघबकरी खेळायचो. चिंचोके म्हणजे बकऱ्या, त्या सासूबाईंच्या. खापरीचे तुकडे म्हणजे वाघ, ते माझे. बकरीच्या मागचं घर रिकामं दिसलं की वाघानं तिच्यावरून उडी मारायची आणि ती खायची. सासूबाई बोलण्याच्या नादात चुकायच्या आणि मी एकही चूक सोडायची नाही. लाजरी नवी सून म्हणे! एका हातानं पदर सावरत दुसऱ्या हातानं बकऱ्या मटकवायची. त्या ओरडायच्या, "भुक्कड कुठची! मायनं उपाशी धाडलं का वं तुले?"

त्या दिवशी सासरे आणि आमचे हे बैलगाडी घेऊन बांबू आणायला गेलेले होते. आदल्या संध्याकाळी यायचे, ते दुसरी दुपार झाली तरी पत्ता नव्हता. त्याच आठवड्यात शेजारच्या गावचा गोऱ्हा गेला होता. कोणी नेला हे सगळ्यांना ठाऊक, पण घरचं माणूस जंगलात असलं की आमच्याकडं वाघाचं नाव तोंडातून काढायचं नाही. खेळातसुद्धा नाही. अशा वेळी माझ्या खापऱ्यांना 'पाटील' म्हणायचं.

सकाळपासून सासूबाईंनी झाडलेलंच अंगण पुन्हा झाडलं. मी भात करपवला, त्यावर त्या मला बोलल्यासुद्धा नाहीत. शेवटी म्हणाल्या, "ये, बस. मांड."

मांडला खेळ, पण कान वाटेकडं. पान वाजलं तरी दोघींच्या माना वळत होत्या. अशात त्यांनी एक बकरी नेऊन थेट माझ्या पाटलाच्या तोंडाशी ठेवली. मागचं घर सताड उघडं. एरवी मी डोळे मिटून खाल्ली असती. हात पुढंही केला, आणि मनात आलं, आज नको. आज सासूबाईंच्या घरचं काही त्यानं खाऊ नये. मी दुसरीच खापरी सरकवली आणि स्वतःच्या मोठ्या मनाचं कौतुक करत बसले.

सासूबाईंनी पटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काऊन नाई खाल्ली?"

"दिसली नाही, बाई."

"तुले? तुले दिसली नाई?"

मी मान खाली घातली. झालं! सकाळपासून जे त्यांनी दाबून धरलं होतं, तेच सुनेच्याही पोटात आहे हे त्यांना दिसलं. त्यांनी हंबरडा फोडला आणि अनवाणी शिवेकडं निघाल्या. मागून मी वेडी ओरडत धावतेय, "बाई, थांबा! खाते, आता खाते!"

शिवेवर बाया जमल्या. काय झालं ते कोणालाच माहीत नाही, पण एकीनं रडायचा सूर लावला की दुसरी मागं कशी राहील?

ऊन कलता कलता गाडी आली. चाकांचा आस मोडला होता. वाटेतल्या गोंडांच्या गावात नवा करून घेईस्तोवर उशीर झाला, एवढंच. बांबूंवर बसलेल्या ह्यांनी गर्दी पाहिली आणि तिथूनच घाबरून ओरडले, "कोन मेलं बाप्पा?"

बाया डोळे पुसत, पदराआड हसत पांगल्या. दोघांना पोटभर वाढून झालं, तेव्हा सासूबाई चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या,

"तू खाल्ली असती त मी तुले शिव्या देत बसली असती, न् दुपार निघून गेली असती. तुनं कीव केली, न् मले वाटलं, माहं पोरगं गेलंच. माही बकरी दिसली का खात जाय."