मास्तर सावकाश पळतात

मास्तरांनी सगळं आयुष्य ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर काढलं. गाडी चालवायला शिकवणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असायचा आणि शिकणारा गोंधळला की मास्तर तो गुपचूप दाबायचे. गाडी आपणच थांबवली असं समजून शिकणारा खूश व्हायचा. मागून कोणी हॉर्न वाजवून जीव खाल्ला तरी मास्तर शांत. "त्याला पुढे जायचंय, जाऊ दे. आपल्याला पोहोचायचंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निम्म्या गावाने ते ऐकलं होतं.

निवृत्त झाल्यावर पोट सुटलं, म्हणून मास्तर सकाळी पळायला लागले. आणि इथेच सगळी शिकवण गुंडाळून ठेवली. थंड गाडी दामटू नये हे दुसऱ्यांना सांगणारा हा माणूस फाटकाबाहेर पडला की सुसाट सुटायचा. शेजारून कोणी पुढे गेलं की अंगात यायचं. एका सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर दोन कॉलेजच्या पोरी गप्पा मारत त्यांच्या पुढे गेल्या. मास्तरांनी त्यांना गाठलं, मागे टाकलं आणि पुढच्या वळणावर पोटरी धरून खाली बसले. त्याच पोरींनी त्यांना धरून घरी आणलं. गप्पा तेवढ्या चालूच होत्या.

मग मास्तर कोचावर आणि पाय उशीवर. पाय हलत नव्हता, त्याची भरपाई तोंडाने केली. चहा गार आहे, पंखा आवाज करतोय, मुलगी फोन करत नाही, केला तर उपदेशच फार करते. बायको सगळं ऐकून घ्यायची. तिची नजर अधू होत चालली होती. समोरचं मधोमध धूसर, कडेचं तेवढं दिसायचं. घरात ती सराईतपणे वावरायची, पण जिना आणि रस्ता मास्तरांच्या हाताला धरूनच. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

पोटरीसाठी मास्तर ज्या फिजिओथेरपिस्टकडे गेले, ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने पाय दाबून, वळवून पाहिला आणि बजावलं, "सर, बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं. धाप लागली की चालायचं. आधी अंग गरम करायचं, आणि रोज उभं राहून टाचा वर-खाली करायच्या. दुखलं की थांबायचं, रेटायचं नाही." मास्तरांचं तोंड पडलं. हे तर अगदी नवशिक्याला सांगतात तसं झालं, असं ते पुटपुटले. ती हसली आणि म्हणाली, "माझ्या वेळी तुम्हीच सांगायचात, नवशिका असल्याची लाज बाळगू नका म्हणून."

लंगडत घरी येताना खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी अडवलं. वाचनालयात दर आठवड्याला काही बायका जमायच्या. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. "काकू हल्ली येतच नाहीत. आजारी आहेत का? मी दोनदा न्यायला आले, तर म्हणाल्या, ह्यांना एकटं सोडवत नाही. गोष्ट आता कुठल्या कुठे गेली."

जिना चढता चढता मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोटरी दुखावली त्यांची आणि घरात कोंडली गेली ती. तिचे पाय तर ठणठणीत होते. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"बोलून तुमची पोटरी लवकर बरी झाली असती का?" ती भाजी निवडत म्हणाली.

त्या दिवशी मास्तरांनी कानाला खडा लावला. पाय बरा झाल्यावर पहिलं पळणं झालं ते गल्लीच्या टोकापर्यंत. पुढे नदीकाठी एका दिव्याच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळायचं, मग तेवढंच चालायचं, असा क्रम लागला. बोलता येतंय की नाही हे पाहायला ते स्वतःशीच मोठ्याने बोलायचे. "हं, हळू. घाई नाही. खांदे सैल सोडा." समोरून येणारी माणसं जरा लांबूनच जायची. भांडी घासताना मोरीपाशी टाचा वर-खाली चालायच्या, त्यात एक बशी फुटली. पण पोटरी टिकली.

वाचनालयाच्या दिवशी सकाळी मात्र परीक्षा झाली. गावातल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक मागून आला. वयाने मास्तरांपेक्षा मोठा, जन्माचा उपटसुंभ, मास्तरांचे विद्यार्थी पळवण्यात पटाईत. भडक बूट, कपाळाला पट्टी. "काय मास्तर, गाडी गॅरेजमधून आली वाटतं!" म्हणत तो पुढे निघाला.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय आपोआप सुटले. दहा-बारा ढांगा पडल्या असतील, त्याच्या शर्टावरचा घाम दिसायला लागला, तेवढ्यात पोटरीत एक बारीकशी चमक आली. संध्याकाळी बायकोला वाचनालयात न्यायचं मनात होतं, ते मास्तरांना एकदम आठवलं. त्यांनी उजवा पाय जमिनीवर असा दाबला, जणू तिथे ब्रेक आहे. थांबले आणि स्वतःलाच हसले. मग रस्त्याच्या कडेला होऊन, हात बाहेर काढून, पुढे जा अशी खूण केली. त्या मालकाने ती पाहिलीही नाही. मास्तर चालत घरी आले. पोटरी दोनदा दाबून पाहिली, दुखत नव्हती.

संध्याकाळी दूध आणायला म्हणून ते खाली जाऊन आले. दार उघडलं तर बायको नीटनेटकी साडी नेसून, पर्स घेऊन, चपला घालून उभी.

"अगं, मी अजून विचारलंही नाही. सकाळी पायाला काही झालं असतं म्हणजे?"

"जिन्यावर ऐकलं ना," ती म्हणाली. "सकाळीही ऐकलं, आत्ताही ऐकलं. दोन्ही पाय सारखे वाजतायत. म्हणून तर चपला घातल्या."

म्हणजे रोज ते पळून परत येताना ती दाराआड उभी राहून ऐकत होती. दूध तसंच टेबलावर ठेवून त्यांनी कोपर पुढे केलं, तिने ते धरलं, आणि दोघं सावकाश जिना उतरायला लागले.