रूळभाऊंचं फाटक

गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. सगळे त्यांना रूळभाऊ म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. धंदा वेल्डिंगचा, घरामागच्या शेडमध्ये. जवळचा एक कारखाना बंद पडून मोडीत निघाला, तेव्हा त्याच्या आवारातले रेल्वेचे जुने रूळ आधी भंगारवाल्याकडे आले आणि तिथून रूळभाऊंकडे. भंगारवाल्याची सुटका झाली. वहिनींची झाली नाही.

सुरुवात शहाणपणाची होती, हे वहिनीही कबूल करायच्या. हातभर तुकडा कापून, घासूनपुसून रूळभाऊंनी त्याची ऐरण केली, आणि ती खरोखर नामी झाली. मग शेडच्या दारावर एक आडवा रूळ बसला. साखळी-कप्पी टांगायला वर आणखी एक गेला. इथे थांबले असते तर गल्लीत हुशार माणूस म्हणून नाव राहिलं असतं. पण रूळ शिल्लक होते, आणि ते नुसते पडलेले बघून रूळभाऊंचा जीव खालीवर व्हायचा.

मग रूळ घरात शिरले. पलंगाला रुळाचे पाय आले. त्या दिवसापासून पलंगाखालची जमीन केरसुणीला पारखी झाली. जेवणाचं टेबल आलं आणि खालची फरशी तडकली. "फरशीच कच्ची होती," रूळभाऊ म्हणाले. वहिनींचं माहेरून आलेलं पत्र्याचं कपाट मोडून त्याच्या जागी रुळांची मांडणी उभी राहिली. तिच्यावर घरातल्या चार कपबश्या अगदीच पोरक्या दिसायच्या. जावयाला पहिल्या भेटीत त्यांनी रुळाच्या तुकड्याचा पेपरवेट दिला. जावई चांगल्या घरचा, हसतमुखानं घेऊन गेला. त्याच्या बॅगेचा बंद मात्र कोपऱ्यावरच तुटला.

प्रत्येक काम संपलं की एक विधी असायचा. रूळभाऊ त्या वस्तूला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचे आणि विचारायचे, "हलतंय का?" समोर असेल त्यानं "नाही" म्हणायचं. समोर बहुधा वहिनीच असायच्या. अख्ख्या संसारात रूळभाऊ त्यांचं मत आवर्जून विचारायचे ते एवढंच, आणि त्याचंही उत्तर ठरलेलं.

सगळ्यांवर कळस म्हणजे फाटक. उभे-आडवे रूळ जोडून केलेलं, खाली चाकं, आणि चाकं चालायला जमिनीत गाडलेला आणखी एक रूळ. त्यांच्या घरात चोरण्यासारखं काय होतं, हे चोरालाच ठाऊक; पण तो आता हात हलवत परत जाणार हे नक्की होतं. बाहेर घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगला होता, शेजारी हातोडी. पाहुण्यानं ती वाजवली की अख्खी गल्ली खिडकीत येऊन त्याचं स्वागत करी. रूळभाऊ खांदा लावून फाटक ढकलायचे, ते गडगडत सरकायचं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गाडी वेळेवर सोडल्याचं समाधान पसरायचं.

वहिनींचा खांदा मात्र धरलेला होता. आधी डावा, मग उजवा. गल्लीच्या टोकाला त्यांची थोरली बहीण राहायची. ताई पडल्यापासून अंथरुणाला खिळली होती, आणि संध्याकाळी वहिनी तिच्याजवळ जाऊन बसायच्या. भाजी निवडायची, सगळ्या नातेवाइकांचा यथासांग उद्धार करायचा, आणि परत यायचं. तेवढाच दोघींचा विसावा. फाटक आल्यावर जायचं म्हणजे आधी रूळभाऊंना हाक मारायची, आणि परतताना घंटा बडवून गल्लीला वर्दी द्यायची. शेडमध्ये ग्राइंडर चालू असला की दोन्ही वाया. एकदा घंटा बडवून बडवून समोरची शिंपीण धावत आली, पण रूळभाऊ आले नाहीत.

वहिनींनी जाणं कमी केलं, मग सोडलं. "अगं, हाक मारायची की," असं रूळभाऊ म्हणायचे, आणि तेही खरंच होतं. पण सख्ख्या बहिणीकडे जायला रोज परवानगी काढल्यासारखं वहिनींच्या जिवावर यायचं. पाहुण्यांना मात्र रूळभाऊ कौतुकानं सांगायचे, "हिला आता घरच आवडतं. बाहेर म्हणून पडत नाही." वहिनी चहा आणायला आत जायच्या.

एका संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, आई सारखी तुझी वाट बघतेय. म्हणते, माझ्यावर रागावलीय का ती?"

वहिनींनी चपला घातल्या. फाटकाला बरा खांदा लावला. आता दोन्हींपैकी बरा कुठला, हाही प्रश्नच होता. फाटक तसूभरही सरकलं नाही. हाका मारल्या. मागे ग्राइंडर किंचाळत होता. घंटा वाजवावी, तर ती पाहुण्यांसाठी, म्हणजे फाटकाबाहेर. रस्त्यातून शिंपिणीनं जोर लावला, आतून वहिनींनी. दोघी धापा टाकत गजांतून एकमेकींकडे बघत राहिल्या.

"वहिनी," शिंपीण म्हणाली, "तुम्हाला भेटायला आल्यासारखं वाटतंय हो. तुरुंगात."

शिंपीण हसली. वहिनींना रडू आलं. त्या तडक शेडमध्ये गेल्या आणि त्यांनी ग्राइंडरचा प्लग उपटला.

"मला बाहेर जाता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं फाटक माझ्यानं हलत नाही. ताईला वाटतंय मी रागावलेय."

रूळभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "मग सांगायचंस ना कधी!"

"तुम्ही विचारलं होतंत की, हलतंय का म्हणून. मी नाहीच म्हणाले होते."

रूळभाऊंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "मोटर बसवतो," ते म्हणाले. "साखळी लावू, आणि मागे वजन म्हणून एक रूळ..."

"मला दार हवंय," वहिनी म्हणाल्या. "साधं. हातानं उघडेल असं. आज."

मग रूळभाऊंनी गॅसकटर पेटवला आणि स्वतःच्या फाटकाला स्वतःच्या हातानं भोक पाडलं. घरात हलकं असं काही उरलंच नव्हतं. शेवटी माळ्यावर वहिनींच्या जुन्या कपाटाचं पत्र्याचं दार सापडलं. त्याची बिजागरी रुळाला वेल्ड करायची होती. रूळ आधी चांगला तापवावा, मग राखेत हळूहळू निववावा, नाहीतर जोड तडकतो, हे प्रवचन रूळभाऊंनी येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट ऐकवलेलं होतं. पण वहिनी चपला घालून शेजारी उभ्या होत्या. रूळभाऊंनी थंड रुळावरच जोड मारला. तो निवता निवता टण्णकन तडकला.

वहिनींना हसू यायला हवं होतं. आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस त्यांच्यासाठी घाईत होता.

"बोल्ट लावतो," ते पुटपुटले. पट्टी वाकवून त्यांनी रुळाला आवळली, तिला बोल्टनं बिजागरी जोडली, आणि दार चढवलं. इतकं किरकोळ काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. दार वाऱ्यानंसुद्धा थडथडत होतं. रूळभाऊंनी ते धरून हलवलं नाही. लाजच वाटली असावी. पण सवय कुठे जाते? तोंडातून निघून गेलंच, "हलतंय का?"

वहिनींनी एका बोटानं दार ढकललं आणि त्या बाहेर पडल्या.

"हलतंय," त्या रस्त्यातून म्हणाल्या, आणि मागे न बघता ताईच्या घराकडे चालू लागल्या.

दार उघडंच राहिलं होतं, फाटकावर आपटत होतं. रूळभाऊ पाना हातात घेऊन त्याच्यापाशी उभे होते. गल्लीच्या टोकाशी वहिनी वळल्या तरी त्यांनी ते लावलं नाही.