जामुलमध्ये फुकट मिळालेला कॅटलॉग

भिलाईला फिरायला कोण जातं, असं बायकोने विचारलं आणि मी मोजे शोधायला लागलो. मला चित्रप्रदर्शनांचे जुने कॅटलॉग जमवायचा नाद आहे. आधुनिक चित्रकला, स्वस्त छपाई, गंजलेल्या पिना. प्रदर्शन आठवड्यात उतरतं, चित्रं कुठेकुठे पांगतात आणि मागे उरते ती ही पातळ पुस्तिका. आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवर प्रज्ञा नावाच्या मुलीने अशाच एका पुस्तिकेचा फोटो टाकला होता. पोलाद कारखान्यातल्या हौशी चित्रकारांनी फार पूर्वी भरवलेलं प्रदर्शन. ती पुस्तिका मी कुठेच पाहिली नव्हती. शनिवारी सकाळी नागपूरहून गाडी धरली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, दुर्गच्या पुढे भिलाई पॉवर हाऊसला उतरा, पण तुमची गाडी तिथे थांबते का ते आधी बघा. स्टेशनबाहेर पोहे-जलेबी गरम मिळते, ती सोडू नका. जामुलला जायला शेअर ऑटो आहेत. ऑटोवाला सांगेल त्याच्या निम्म्यावर सुरुवात करा आणि सरळ चालू लागा, तो हाक मारतोच. घासाघीस करण्यात मला कुणी हरवत नाही, असं मी त्या दुपारपर्यंत अभिमानाने सांगत असे.

जामुल सिमेंटचं गाव आहे. प्रज्ञाच्या अंगणातल्या पेरूच्या पानांवरही करडी धूळ होती. तिचे बाबा भट्टीवर कामाला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी क्वार्टर सोडून इथे घर बांधलं आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले. मला मावशींनी, म्हणजे तिच्या आईने, दिवाणावर बसवलं. समोर बुद्धाच्या तसबिरीशेजारी एक मोठं चित्र होतं. काळ्या रंगावर आडवे लाल पट्टे, भट्टीतून लोखंडाचा रस ओतताना आभाळ पेटतं तसे. मी बघतच राहिलो. मावशींनी कॅटलॉग उघडून दिला तर त्यातही तेच चित्र, काळं-पांढरं.

"हे प्रज्ञाच्या बाबायनं काढलं," मावशी म्हणाल्या. "तुमी एवढे चित्रं पाह्यले. कसं वाटते?"

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की, हवी ती वस्तू आवडली हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. दिसलं की भाव चढतो. तोंड आपोआप चाललं. "साधारणच आहे, मावशी. हौशी लोकं काढतात तसं. छपाईही यथातथाच."

मावशींनी पदर सारखा केला. "मले वाटतच होतं," त्या म्हणाल्या. "रंग आणाले रायपूरले जात. मी भांडत होती, कावून एवढा खर्च करता म्हणून." मग कॅटलॉग माझ्यापुढे सरकवला. "घेऊन जा. साधारण वस्तूचे पैसे कायले घेऊ?"

खरं सांगतो, मला तेव्हा लाज वाटली नाही, आनंद झाला. प्रज्ञाने गरम चिला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, आणि टमाट्याची चटणी वाढली. मी सगळं चाटून-पुसून खाल्लं.

चौकात पोचल्यावर लक्षात आलं, चष्मा दिवाणावरच राहिला. परत गेलो. दार उघडंच होतं. मावशी ओल्या फडक्याने भिंत पुसत होत्या. चित्र काढून दिवाणामागे उभं केलं होतं, तोंड भिंतीकडे करून.

"मावशी, मी खोटं बोललो," मी म्हणालो. "कॅटलॉग स्वस्तात पाहिजे होता म्हणून. चित्र फार चांगलं आहे. मला आल्या आल्याच आवडलं होतं."

"असू द्या न, भाऊ." त्या हसल्या, पण माझ्याकडे बघून नाही. "पैशाच्या वेळी माणूस खरं बोलते. जेवल्यावर गोड बोलते."

मी कॅटलॉग परत ठेवायला गेलो, तर त्यांनी तो माझ्याच पिशवीत घातला. घरात ठेवून काय करू, म्हणाल्या. इतका वेळ माझ्याशी मराठीत बोलणारी प्रज्ञा चष्मा देताना म्हणाली, "ऑटो चौक से मिल जाएगा."

घरी बायकोने विचारलं, केवढ्याला पडला? फुकट, म्हणालो. तिला कौतुक वाटलं आणि मला जेवण गेलं नाही. माझ्या कपाटातली ही सगळ्यात दुर्मीळ पुस्तिका आहे आणि ती मी अजून कुणाला दाखवलेली नाही. मागच्या आठवड्यात प्रज्ञाला फोन केला. चित्र परत लावलं का? नाही, म्हणाली. आई म्हणते, खिळा रिकामाच आहे तं कॅलेंडर लावू.

माझं म्हणणं त्या घरात आता कुणी खरं मानणार नाही, आणि बरोबरच आहे. म्हणून तुम्हाला विनंती करतो. जामुलला जाणार असाल तर मला कळवा, प्रज्ञाला विचारून पत्ता देईन. गेल्यावर आधी सांगा की काही विकत घ्यायला आलो नाही. चहासुद्धा लगेच घेऊ नका. मग दिवाणामागचं ते चित्र बघायला मागा, आणि जे वाटेल ते चहाच्या आधीच बोला.